पानाच्या कडेचा अंगठा

पाचोड
६ जुलै २०२५

चि. निशास,
सासऱ्याचा सप्रेम जय भीम. श्रेयाला आबाचा पापा.

काल तू फोनवर तुझ्या सासूला काय सांगितलंस ते मला धड कळलं नाही. मला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारतं, आणि भामाबाई फोनवर घटकाभर बोलून मला मात्र दोन खुणांत सांगून मोकळी होती. तिनं भिंतीवरच्या प्रणयच्या फोटोकडं बोट केलं आणि मग दोन बोटांची कात्री करून दाखवली. मी म्हणालो, "कोण कापतंय त्याला?" ती ओरडली, "तुमची सून. वहीत चिकटवायला." ते शेजारच्या आवडाबाईच्या घरापर्यंत गेलं, म्हणून मलाही ऐकू आलं.

म्हणून पत्र लिहायला घेतलं. शाळा पाचवीपर्यंत झाली, पुढं पंचायतीच्या नळाला पाणी सोडण्यात आयुष्य गेलं. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पोरी, फोटो कापू नको. आपल्याकडं त्याचे फोटो आहेतच किती? लग्नाचा अल्बम तुझ्याकडं. इथं शाळेतला एक, कंपनीच्या ओळखपत्राचा एक, आणि भिंतीवर मोठा करून लावलेला. माणूस तर परत येत नाही, निदान कागद तरी अख्खा राहू दे. डिंकानं फोटो पिवळा पडतो असं ऐकलंय. आणि भामाबाई म्हणती की तू ते मोबाईलवर जगाला दाखवणार आहेस. जगाला कशाला? जगानं प्रणयला कधी पाहिलं होतं?

मी काळजीखोर माणूस आहे हे तुला ठाऊक आहे. व्हॉल्व्ह बंद करून घरी आलो की जेवताना वाटायचं, बंद केला का नाही. अर्ध्या ताटावरून उठून बघून यायचो. प्रणय बिडकीनला कंपनीत जायला लागला तेव्हा त्यालाही मी सांगून ठेवलं होतं, पोचला की एक मिस्ड कॉल दे. रोज द्यायचा. तेव्हा मला थोडंफार ऐकू यायचं. त्या दिवशी हेल्मेट घरात खुंटीला राहिलं आणि मिस्ड कॉल आला नाही. तीन वर्षं झाली, तरी त्या वेळेला मी फोनकडं बघतोच.

तर कात्री लावण्याआधी मला कळव.

तुझा सासरा,
सांडू मगरे


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१५ जुलै २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र आलं. पोस्टमनकाकांनी दोनदा नाव विचारलं. म्हणाले, हाताचं पत्र लई दिवसांनी आलं या गल्लीत.

आधी तुमच्या जिवाला शांत करते. मूळ फोटोला कात्री लागणार नाही. मी प्रत्येक फोटोची कॉपी काढते, कापते ती कॉपी. मूळ फोटो प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवते. आणि डिंक नसतो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी असते.

आता हे का करते ते सांगते. श्रेयाचे पप्पा गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. मागच्या महिन्यात तिनं मला विचारलं, "पप्पांचा शर्ट कोणत्या रंगाचा असायचा?" भिंतीवरचा फोटो तिला पाठ आहे, पण तो नुसता चेहरा आहे. म्हणून मी तिच्यासाठी जाड कागदाचं पुस्तक करतेय, त्याला स्क्रॅपबुक म्हणतात. एकेका पानावर एक फोटो, त्याच्या आजूबाजूला त्याच दिवसांतलं काहीतरी: तिकीट, कापडाचा तुकडा, दोन ओळी. लॅबमधून आल्यावर काही घरकाम उरलं नाही की करत बसते. रविवारी एक पान पुरं होतं.

मोबाईलवर का दाखवते हेही विचारलंत. पहिलं पान मी सहज टाकलं होतं. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं, माझाही माणूस गेला, मला असं शिकवाल का? आता आम्ही पाच-सहा जणी एकमेकींना पानं दाखवतो. मामा, लॅबमध्ये मला कुणी श्रेयाच्या पप्पांबद्दल विचारत नाही. विचारलं तर मी रडेन असं त्यांना वाटतं. या बाया विचारतात.

पानाचा फोटो काढणं हे मोठंच काम असतं. फ्लॅश पाडला की चकचकीत फोटोवर पांढरा डाग येतो, नेमका चेहऱ्यावर. म्हणून पान गच्चीच्या दारात ठेवायचं. दारातला उजेड डावीकडून येतो, मग उजवी बाजू काळवंडते. त्यासाठी उजवीकडं टीव्हीच्या खोक्यातलं पांढरं थर्माकोल उभं धरायचं. उजेड त्याच्यावर आपटून परत पानावर येतो आणि दोन्ही बाजू सारख्या उजळतात. मी स्टुलावर चढून वरून फोटो घेते. तुम्ही स्टुलाची काळजी कराल म्हणून सांगते, स्टूल लोखंडी आहे.

तुमच्याकडं त्यांचं काही असेल तर पाठवा. कागद, कापड, काहीही. आत्या फोनवर म्हणत होत्या की श्रेयाच्या पप्पांचा लहानपणीचा, मोटारसायकलवर बसलेला एक फोटो आहे. तो मिळाला तर फार बरं होईल.

तुमची,
निशा


पाचोड
३ ऑगस्ट २०२५

चि. निशास,
सप्रेम जय भीम.

तुला पाकीट मिळालं ते पान बघून कळलं. त्यात प्रणयचा शाळेतला फोटो आणि सातवीतला एसटीचा पास होता. शाळेच्या चौकड्याच्या शर्टाची बाही होती. बाकीच्या शर्टाचं भामाबाईनं पोतेरं केलं होतं, मी तेव्हाच बाही फाडून ठेवली. पाकिटाला मी वरून दोरा गुंडाळला. पोस्टात दिल्यावर वाटलं, दोरा मशीनमध्ये अडकला तर? पुन्हा जाऊन विचारून आलो. पोस्टातला बन्सी म्हणाला, "आबा, मशीन नाहीये इथं. मीच हाय मशीन."

मोटारसायकलचा फोटो मात्र मी देणार नाही. त्याचं नाव काढू नको.

काल भामाबाईनं तुझं पान मोबाईलवर दाखवलं. मी वाचायचं भिंग लावून बघितलं. शाळेचा फोटो, खाली पास, आणि बाहीची चौकट केलीस. तो शर्ट मीच पैठणच्या बाजारातून आणला होता. पान बघितल्यावर मला वाटलं, अरे, हा तर बसला उशीर होतोय म्हणून पळत निघालाय. मी भामाबाईला तसं म्हणालो. ती म्हणाली, "डबा विसरला बघा." चांगलं पान केलंस. माझं आधीचं बोलणं मागं घेतो.

एक विचारायचं होतं. पानाच्या उजव्या कडेला थर्माकोल थोडं दिसतंय. त्याच्यावर अंगठा आहे. भिंगातून बघितला. तू तर स्टुलावर उभी. श्रेयाचा अंगठा एवढा नाही. नख काळं पडलेलं आहे, हातोडा बसल्यासारखं. घरमालक आहे का? घरमालकाला वरचेवर घरात येऊ देऊ नये. शहरात माणसं गोड बोलतात. मी काही संशयानं विचारत नाही. थर्माकोल सांडलं तर पानावर पडेल, म्हणून विचारतो.

तुझा सासरा,
सांडू


पुंडलिकनगर
१४ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

पाकीट दोऱ्यासकट मिळालं. तो दोराही मी ठेवलाय.

श्रेयाचा शाळेत दुसरा नंबर आला. तिला तुमच्याकडची ज्वारीची भाकरी आठवते, माझ्या हाताची जमत नाही म्हणते. इथं पाणी पाच दिवसांआड येतं. घरमालकीणबाई म्हणतात, तुझ्या सासऱ्याला बोलव, ते सोडतील पाणी.

घरमालक घरी येत नाहीत. अंगठा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा होता. जिन्यातून जात होते, म्हटलं जरा धरा. फोटो टाकताना कड कापायची राहून गेली. पुढच्या वेळी नीट कापेन.

आत्यांना सांगा, गुडघ्याचं तेल एका ओळखीच्या हाती पाठवते.

तुमची,
निशा


पाचोड
७ सप्टेंबर २०२५

चि. निशास,
सप्रेम जय भीम.

तुझी पुढची तीन पानं बघितली. पहिल्या पगाराचं, लग्नाचं आणि श्रेया झाली त्या दिवसाचं. श्रेयाच्या पानावर दवाखान्यातली हाताला बांधायची पट्टी लावलीस ती इतकी लहान आहे की मी भिंग लावूनही दोनदा चुकलो.

आता तिन्ही पानं चारी बाजूंनी अगदी बारीक कापलेली आहेत. कडेला जागाच नाही. थर्माकोल दिसत नाही, अंगठाही नाही.

पण निशा, तूच मला शिकवलंस की कुणी थर्माकोल धरलं नाही तर उजवी बाजू काळवंडते. तिन्ही पानांची उजवी बाजू उजळ आहे. म्हणजे कुणीतरी धरतंय. दर वेळी जिन्यातून नेमका तोच शेजारी कसा जातो, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी हे भामाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला पोरगा बघायला दिला तर तुम्ही उजेड बघत बसला." आणि पीठ मळायला गेली.

मी काही विचारत नाही. तू शिकलेली आहेस, नोकरी करतेस. फक्त हे सांग, पुस्तकात किती पानं राहिली? पुस्तक संपल्यावर काय करणार? तुम्ही दोघी दिवाळीच्या सुट्टीत येणार ना? श्रेयासाठी आवडाबाईच्या शेळीला पिलू झालंय. तिला सांग, आबानं नाव ठेवलं नाही, तिच्यासाठी राखून ठेवलंय.

तुझा सासरा,
सांडू


पाचोड
१२ ऑक्टोबर २०२५

चि. निशास,
सप्रेम जय भीम.

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. धम्मचक्र दिनाला तुम्ही दोघी याल म्हणून मी सकाळपासून स्टँडवर होतो. बिडकीनची आली, शहराची आली, जालन्याची आली. विहारात वंदना सुरू झाली तरी मी उभाच. शेवटी भामाबाई मला न्यायला आली.

आधी वाटलं तू आजारी आहेस. मग वाटलं श्रेया. मग वाटलं, माझ्या पत्राचा राग आला. त्या उजेडाबद्दल मी लिहायला नको होतं. पण माझा स्वभावच असा, उघडं राहिलेलं झाकण दिसलं की मला पुढं जाता येत नाही.

भामाबाईला विचारतो तर ती तांदूळ निवडत बसती. निशा बरी हाय, म्हणती. ही बाई पावसाचा एक ढग दिसला की वाळवण आत घेती, आणि सून महिनाभर गप्प आहे तर घाबरत नाही. म्हणजे हिला काहीतरी माहीत आहे आणि मला नाही. या घरात फक्त मलाच ऐकू येत नाही, त्याचा फायदा सगळे घेतात.

आज लिहूनच टाकतो. मला त्या अंगठ्याचं भय नाही. तू तरुण आहेस. मला भय आहे ते शेवटच्या पानाचं. तू प्रणयचं पुस्तक पूर्ण करशील, कपाटात ठेवशील, आणि मग आमच्याकडं मागायला काही उरणार नाही. पास दिला, बाही दिली. पुस्तक मिटल्यावर पाचोडला कोण येईल? श्रेया दुसऱ्या कुणाला तरी आबा म्हणेल. पोरगा गेला तेव्हा आम्ही म्हणालो, नात आहे, सून आहे. आता तुमचाही पोचल्याचा फोन आला नाही तर मी फोनकडं बघायचं तरी कशासाठी?

हे पत्र टाकू का नको, बन्सीच्या समोर उभा राहून विचार करतोय. तो म्हणतो, "आबा, टाका, नायतर सरका."

सांडू


पुंडलिकनगर
१९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी लॅबच्या काउंटरवर वाचलं. रक्त द्यायला आलेल्या पेशंटला वाटलं, मीच सुईला घाबरून रडतेय.

तुम्ही स्टँडवर उभे होता हे मला माहीत नव्हतं. मी आले नाही कारण आले असते तर सांगावं लागलं असतं, आणि मला तुमच्या तोंडावर सांगता येत नव्हतं. आता सांगते.

त्यांचं नाव राजेंद्र खरात. जालन्याकडचे, आपल्यातलेच. खालच्या मजल्यावर राहतात. बिडकीनला एका कंपनीत फिटर आहेत, म्हणून नख तसं. दोन बहिणींची लग्नं करण्यात त्यांचं स्वतःचं राहिलं. श्रेया त्यांना काका म्हणते. पहिल्यांदा थर्माकोल धरायला खरंच जिन्यातून जाताना थांबले होते. पान बघून एवढंच म्हणाले, "हे पुरं करा. मध्येच सोडू नका." दुसऱ्या रविवारी स्वतःच आले आणि विचारलं, आज धरायचंय का?

तेव्हापासून त्यांनी मला दोनदा लग्नाचं विचारलंय. मी म्हटलं, मामांना विचारल्याशिवाय नाही. आणि तुम्हाला विचारायची हिंमत होत नव्हती. आत्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, "मी सांगितलं तर म्हणतील नीट ऐकू आलं नाही. तू लिही." त्यांच्यावर रागावू नका, मीच शपथ घातली होती.

मामा, तुम्ही अंगठ्याचं विचारलंत तेव्हा मी घाबरून खोटं लिहिलं आणि पुढच्या तिन्ही फोटोंच्या कडा कापून टाकल्या. त्यांनी ते मोबाईलवर बघितलं. पुढच्या रविवारी त्यांनी थर्माकोल मागून, अगदी टोकाला, दोन नखांच्या चिमटीत धरलं. हात फोटोत येऊ नये म्हणून. तसं धरून हात भरून येतो, तरी हलले नाहीत. ते बघून मी स्टुलावरून उतरले. त्यानंतर एकही पान केलं नाही.

एक पान राहिलंय. ते रिकामं आहे. तिथं काय लावायचं ते मला सुचत नाही.

तुम्ही नको म्हणालात तर मी थांबेन. मनापासून लिहितेय, धमकी नाही. आणि हो म्हणालात तरी श्रेयाचे आबा तुम्हीच. शेळीच्या पिलाचं नाव तिनं ठरवलंय, पण ती म्हणते पत्रात सांगायचं नाही, येऊन सांगायचं.

तुमची,
निशा


पाचोड
९ नोव्हेंबर २०२५

चि. निशास,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मी घडी करून खिशात घातलं आणि पाण्याच्या टाकीकडं जाऊन बसलो. जुनी जागा आहे. आता तिथं दुसरा माणूस आहे, त्यानं विचारलं, "आबा, व्हॉल्व्ह बघायला आले का?" मी व्हय म्हणालो.

खोटं बोलणार नाही, मला राग आला. तुझा नाही, राजेंद्रचाही नाही. कुणाचा ते मला सांगता येत नाही. दोन दिवस मी भामाबाईशी बोललो नाही. तिला ते लक्षातच आलं नाही, त्याचाही राग आला. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "तुला सगळं माहीत होतं." ती म्हणाली, "व्हय."

"मग प्रणयचं काय?"

ती भिंतीवरच्या फोटोकडं बघून म्हणाली, "तो तिथं हाय. पोरगी तेहेतीस वर्षांची हाय, तिलाबी त्याच्या शेजारी खिळ्याला टांगता का?"

मी पेटी उघडली आणि तो मोटारसायकलचा फोटो काढला. तीन वर्षांत पहिल्यांदा बघितला.

तो तुला का दिला नाही ते सांगतो. आपल्या आठवडी बाजारात तेव्हा एक फोटोवाला यायचा. त्याच्याकडं डोंगराचं चित्र काढलेला पडदा होता आणि लाकडी फळीची मोटारसायकल, लाल रंगवलेली. प्रणय पाच वर्षांचा होता. बसायचंच म्हणून रडला, आणि बसवल्यावर पडेन म्हणून रडला. मग मी पडद्याच्या मागं गेलो. पडद्याला फट होती, तिच्यातून हात घालून त्याला कमरेला धरलं. तेव्हा हसला. तो बिडकीनच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेल्यापासून मला त्या लाल फळीकडं बघवत नव्हतं. म्हणून पेटीच्या तळाला ठेवला होता.

आता बघितला तर गाडी मला दिसलीच नाही. हात दिसला. प्रणयच्या कमरेजवळ पडद्यातून आलेला माझा हात, मनगटापर्यंत. तेव्हा फोटोवाला म्हणाला होता, "मामा, हात आला बघा फोटोत. कड कापून देऊ का?" मी म्हणालो होतो, "राहू दे. पोराला धरलंय, ते दिसू दे."

मी तो फोटो घेऊन ओट्यावर बराच वेळ बसलो. आवडाबाई विचारून गेली, "काय झालं, आबा?" मी म्हणालो, काही नाही, हात बघतोय. ती माझ्याच हाताकडं बघून गेली.

तर असं आहे. शेवटच्या पानाला हा फोटो लाव. पोस्टानं पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येतो. तेवीस तारखेच्या रविवारी. बसमध्ये पाकीटमार असतात म्हणून बनियनच्या आत ठेवीन. भामाबाईही बरोबर येती. तुझं स्टूल मला एकदा बघायचंच आहे.

राजेंद्रला सांग, थर्माकोल सगळ्या हातानं धरायचं. चिमटीत धरलं तर वाऱ्यानं उडतं. आणि कड कापायची नाही.

तुझा सासरा,
सांडू


पुंडलिकनगर
२९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

सोबत शेवटच्या पानाचा फोटो मोठा करून पाठवतेय. भिंग लागणार नाही.

त्या दिवशी तुमच्या कानातलं यंत्र खिशात होतं, त्यामुळं तुमच्यामागं काय बोलणं झालं ते तुम्हाला कळलं नाही. ते लिहिते.

तुम्ही आलात आणि राजेंद्रांना पहिलाच प्रश्न विचारलात, "अंगठा दाखवा." त्यांनी दोन्ही दाखवले. तुम्ही म्हणालात, "नख कंपनीत फुटलं का? हातमोजे देत नाहीत का?" आणि पुढं अर्धा तास हातमोज्यांवरच बोललात. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा ते मला म्हणाले, "मी रात्रभर उत्तरं पाठ केली होती. पगार, गाव, शेती. हातमोजे कुठं पाठ केले होते?" आत्या म्हणाल्या, "आता रोज पाठ करा."

मग गच्चीच्या दारात. मी स्टुलावर, राजेंद्र उजवीकडं थर्माकोल धरून, आणि तुम्ही अचानक म्हणालात, पानाचा डावीकडचा कोपरा वाकतोय, मी धरतो. राजेंद्र म्हणाले, "मामा, थोडं खाली." तुम्ही वर केलं. श्रेया ओरडली, "आबा, खाली!" तुम्ही आणखी वर केलं आणि विचारलंत, "आता बरंय का?" आत्या हसून जिन्यात खाली बसल्या. त्या हसण्यात मी बटण दाबलं. म्हणून डावी कड जरा हललेली आली आहे.

दुसरा घेता आला असता. मी घेतला नाही.

बघा म्हणजे कळेल. मधे श्रेयाचे पप्पा लाल गाडीवर, कमरेला तुमचा हात. उजव्या कडेला राजेंद्रांचा अंगठा, डाव्या कडेला तुमचा. मोबाईलवरही तसाच टाकलाय. नाशिकच्या बाईंनी विचारलं, हे हात कुणाचे? मी लिहिलं, घरातल्यांचे.

तुम्ही बसमध्ये बसल्यावर राजेंद्र मला म्हणाले, "त्यांचा हात भरून आला होता, पण कोपरा सोडला नाही." हे तुम्हाला सांगू नका म्हणाले होते.

लग्न फेब्रुवारीत विहारातच करू, साधं. तारीख तुम्ही आणि आत्यांनी सांगायची. शेळीच्या पिलाचं नाव श्रेयानं तुमच्या कानात सांगितलं आणि तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला ते ऐकू आलं नव्हतं, हे तिला कळलंय. ती म्हणते, सुट्टीत येऊन पुन्हा सांगीन, मोठ्यानं.

तुमची,
निशा


पाचोड
७ डिसेंबर २०२५

चि. निशास,
सप्रेम जय भीम. श्रेयाला पापा. चि. राजेंद्रलाही जय भीम सांग.

फोटो मिळाला. बन्सीनं पाकीट दुमडलं नव्हतं, मी तपासून घेतलं. भामाबाईनं तो भिंतीवर प्रणयच्या मोठ्या फोटोखाली लावला. मी म्हणालो, खिळा सैल आहे, पडेल. तिनं दुसरा ठोकला. माझा अंगठा लई काळा आलाय. राजेंद्रचा त्यामानानं बरा दिसतो, फक्त नख सोडून.

आवडाबाई बघायला आली होती. म्हणाली, "सुनेचा नवा माणूस का हा?" भामाबाई म्हणाली, "नुसता अंगठा हाय अजून. बाकीचा फेब्रुवारीत येईल."

श्रेयाला सांग, पिलू आता उड्या मारतं आणि कुणाच्याच हाकेला ओ देत नाही, कारण त्याला नाव नाही.

ते थर्माकोल नीट ठेव. उंदीर कुरतडतात. पुस्तक वरच्या कप्प्यात ठेव, खालच्याला ओल येती. गच्चीच्या दाराची कडी ढिली आहे, मी त्या दिवशी बघितली, बोलायचं राहिलं.

आणि एक. राजेंद्र रोज त्याच रस्त्यानं जातो, हे मला त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर आठवलं. पाचोड येईस्तोवर माझ्या मनातून ते गेलं नाही. त्याला सांग, हेल्मेट हँडलला अडकवायचं नाही, डोक्यात घालायचं. पाच मिनिटं उशीर झाला तर कंपनी काही बुडत नाही. आणि बिडकीनला पोचला की एक मिस्ड कॉल द्यायचा. बोलायची गरज नाही. सकाळी भामाबाईचा फोन मी माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. वाजलेलं ऐकू येत नाही, पण थरथरलं की छातीला कळतं.

तुझा सासरा,
सांडू मगरे